एक फुली कमी

स्टोअरकीपर आहे, माझं काम मोजण्याचं.
व्हाइस बावीस, त्यातल्या सहांचे जबडे झिजलेले.
कानशी, चपट्या, गोल, त्रिधारी, मिळून एकशे चाळीस.
लेथ एक, पट्ट्यावर चालणारं. चालत नाही.
घंटा एक. तडा आहे.
मार्चअखेर डेडस्टॉक रजिस्टर बंद.
मग हुन्नरशाळेत म्हणे तिकीट लावून म्युझियम,
मागच्या लोहारभट्टीत कॉफी.

इमारत कधीची, असा एक रकाना आहे.
मी शिडी लावली.
कमानीवर काळ्या दगडात रोमन आकडे,
पारव्यांनी पांढरे केलेले. ओल्या फडक्यानं पुसले, जुळवले:
अठराशे अठ्ठ्याहत्तर.
दप्तरात पायाभरणी पंच्याऐंशीची, उद्घाटन अठ्ठ्याऐंशीचं.
म्हणजे कमान स्वतःच्या पायापेक्षा
सात वर्षांनी थोरली.

तिथं फुल्या तीन हव्यात. दोनच आहेत.

होल्ट साहेबाचं चिडकं पत्र मिळालं:
कारागीर अडाणी, दगड बदलावा.
खाली कुणा कारभाऱ्याचा मोडीत शेरा,
जोशी मास्तरांकडून वाचून घेतला:
शिल्लक नाही. असू द्यावे.

असू दिलेल्या त्या दगडाखालून
सुतारांची, लोहारांची पोरं आत आली,
घरी येत होतं तेच शिकायला, पण कागदावर.
बाप नुसत्या डोळ्यानं जोखायचा ते त्यांनी इंचात मांडलं;
बाप म्हणाला, मग मी काय चुकत हुतो व्हय?
एका भटजींच्या पोरानं भाता ओढला,
घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली.
पुढच्या वर्षी नुसते पाय धुतले.
त्याच्या पुढच्या वर्षीचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.
लढाईत इथं रात्रपाळी चालायची,
कशाचे सुटे भाग ते पोरांना सांगितलं नाही.
मग उद्यमनगरात ऑइल इंजिनं धडधडली,
बाबालाल शिकलगार मास्तरांच्या हाताखालची पोरं मालक झाली
आणि मास्तर सायकल मारत त्यांच्याच दारात,
नव्या पोरांना चिकटवा म्हणून.
पंचगंगा दोनदा आत आली. दुसऱ्या खेपेला
लेथच्या चकापर्यंत चढली आणि जाताना
भिंतीवर रेघ सोडून गेली, इतकी सरळ
की आमच्यातल्या कुणाला मारता आली नसती.

पोरं विचारायची, सर, दहा वर्षं जादा कुठनं आली ओ?
मी सांगायचो, हप्त्यानं.

परवा माळ्यावर मजुरीची वही हाती लागली.
वाळवी मधल्या पानांतून फिरून गेलेली,
कडेची नावं तेवढी शाबूत.
तिम्माण्णा, पाथरवट. रोज पाच आणे.
सहीच्या जागी फुली.
पहिल्या पानांवर वाकडी, घाईत ओढलेली,
कुणीही मारील तशी.
शेवटच्या पानांवर मात्र
तिच्या चारी टोकांना बारीक आडव्या पट्ट्या,
एक पाय जाड, एक नाजूक,
हुबेहूब वरच्या दगडावर आहे तशी.

अडाणी म्हणे.

त्याला कुणी सांगितलंच नसेल
की ही फुली म्हणजे दहा.
त्याच्या लेखी फुली म्हणजे तो.
साहेबाच्या दगडावर आपली सही
दोनदा केली, बास झालं, असं वाटलं असेल.
किंवा वाटलंही नसेल काही.
ऊन असेल, हात भरून आला असेल,
खालून कुणी भाकरीला हाक मारली असेल.

रकाना अजून कोरा आहे.
दोन्ही सालं पेन्सिलीनं लिहिली, दोन्ही खोडली.
उद्या साहेब सहीला येणार,
म्हणून व्हाइस परत मोजले. एकवीस.
बाविसावा माझ्या घरी, जिन्याखाली, पोत्यात.
गेल्या दिवाळीपासून आहे. तेल देतो त्याला.

रजिस्टरात त्याच्या ओळीवर पेन टेकवलं,
बराच वेळ टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पसरला,
मग तिथं मारली,
पट्ट्यांसकट.